ताईचं दुखणं

माझे भावोजी यज्ञेश्वर पाटणकर यांना कुठल्याही गोष्टीचा संशय येऊ शकत असे. दूधवाल्याचा येई, गॅसच्या नळीचा येई, फोनवर गोड बोलणाऱ्या मुलीचा येई, आणि एकदा तर संकठा देवीच्या देवळातून आलेल्या प्रसादाच्या पेढ्याचा आला होता. नोकरी सगळी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. तिथे आलेली पेटी वाजवून, हलवून, हुंगून बघायची सवय लागली आणि निवृत्त झाल्यावर ती सवय घेऊन ते घरी आले. दूधविनायकच्या आमच्या गल्लीत त्यांना 'शक्की चाचा' म्हणत. तोंडावर म्हणत. त्याचा त्यांना राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता.

मी त्यांची मेहुणी, शरदिनी. त्यांची बायको अन्नपूर्णा ही माझी थोरली बहीण. मी लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत हिंदी शिकवलं आणि रिटायर झाल्यावर त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर एक खोली घेऊन राहिले. भावोजींची मी जन्मभर थट्टा केली आणि त्यांनी माझी. मात्र आमच्यात एक ठरलेलं होतं. थट्टा वाटेल तेवढी करायची, खोटं बोलायचं नाही. ते म्हणत, "सगळ्या जगावर शक करतो मी, एक तुम्ही सोडून. माणसाला एक तरी जागा पाहिजे ना टेकायला." मी म्हणायची, "टेकू म्हणून मेहुणी बरी सापडली."

रोज दुपारी चार वाजता मी खाली जायची, कारण चारला त्यांचं कार्टून लागे. मुलांच्या एका चॅनेलवर, हिंदीतून. झुरमुटनगर नावाची प्राण्यांची वस्ती, आणि त्या वस्तीत खटकूराम नावाचं एक साळिंदर. संशय आला की त्याचे काटे ताठ उभे राहत आणि ते ओरडे, "खटका हुआ!" की ससे, अस्वलं, बदकं सगळी पोट धरून हसत. नवा पोस्टमन फार अदबीने बोलतो म्हणून खटका, तळ्याचं पाणी आज जास्तच निळं दिसतं म्हणून खटका. आणि शेवटच्या दोन मिनिटांत पोस्टमनच्या टोपीखालून लांडग्याचे कान बाहेर येत. भावोजी मांडीवर थाप मारत.

"बघा शरदिनीबाई! शेवटी कोण खरं निघालं?"

"भावोजी, हे लहान मुलांचं आहे."

"मग तुम्ही कशाला येऊन बसता रोज?"

त्यांचं एकच गाऱ्हाणं होतं. "काल याच्यामुळे सगळा मोहल्ला वाचला, आणि आज पुन्हा त्यालाच हसतायत. एकाच्या पण ध्यानात राहत नाही!" हे बोलताना त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला असे. मला तेव्हा हसू येई.

एक भाग तर इतक्यांदा दाखवत की मला पाठ झाला होता. कोल्हीण वस्तीचं धान्य चोरत असते आणि खटकूराम माग काढत अगदी तिच्या दारापर्यंत पोचतो. तेव्हा ती त्याच्या कपाळाला हात लावून म्हणते, अरे, तुझं अंग तर भट्टीसारखं तापलंय, तू आजारी आहेस, घरी जाऊन झोप. सगळी वस्ती मिळून त्याला रजईत गुंडाळते आणि इकडे कोल्हीण कोठार साफ करते. हा भाग लागला की भावोजी खुर्चीच्या टोकावर येत आणि टीव्हीलाच बजावत, "झोपू नकोस रे! तुला काही झालेलं नाही!"

ताई कार्टून बघत नसे. ती स्वयंपाकघरातून ओरडे की आवाज कमी करा, ते ओरडत की दार लावून घे, आणि भांडण सुरू होई. त्या दोघांच्या भांडणाला विषय लागत नसे. पंखा, खिडकी, चहातली साखर, काहीही चाले. साखर कमी आहे असं भावोजींनी म्हणायचं आणि ताईने डबा आपटत त्यांच्या आईपासून सगळ्यांच्या जिभांचा उद्धार करायचा, हे मी माझ्या खोलीत बसून रोज ऐकत असे. गल्लीत तो आवाज इतका सवयीचा होता की एखादे दिवशी ऐकू आला नाही तर समोरच्या मिश्राइन विचारत, "बहनजी, सब ठीक है ना?"

त्या वर्षी श्रावणात भावोजींचं जेवण तुटलं. पाठ दुखे, पायजम्याची नाडी रोज जरा जास्त आवळावी लागे. शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. पुण्याहून त्यांचा मुलगा श्रीनिवास आला. भावोजी बाहेर बाकावर बसून वॉर्डबॉयचा संशय घेत होते, तेव्हा आत डॉक्टरांनी श्रीनिवासला आणि ताईला सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. कापण्यात अर्थ नाही, औषधांनी दुखणं कमी ठेवू. दिवाळी बघतील, पण त्याच्या पुढचं धरून चालू नका.

माझ्या खोलीत बसून त्यांनी ठरवलं की भावोजींना सांगायचं नाही. मी म्हटलं, "निदान त्यांना विचारा तरी." श्रीनिवास चिडला.

"काय विचारू मावशी? की बाबा, तुम्ही मरणार आहात, ते तुम्हाला कळायला हवंय का? जो माणूस पेढ्याला घाबरतो तो हे ऐकून आठ दिवस पण नाही काढणार. प्लीज, तुम्ही नॉर्मल रहा."

आपल्याकडे हे असंच करतात. विश्वनाथाच्या या आमच्या शहरात लोक मरायला म्हणून भाड्याने खोल्या घेऊन राहतात, गल्लीतून रोज 'राम नाम सत्य है' जातं आणि भाजीवाला गाडा जरा बाजूला घेऊन पुन्हा भाजी तोलायला लागतो. मरणाचं आम्हाला काही म्हणजे काही वाटत नाही. पण घरातल्या माणसाला त्याचं स्वतःचं मरण सांगायची वेळ आली की आमची सगळ्यांची वाचा बसते. मला त्या गोष्टीचा तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

भावोजींना अल्सर आहे असं सांगण्यात आलं. श्रीनिवास पुण्याला परत गेला आणि रोज फोन करू लागला. यापूर्वी तो रविवारी करत असे. ते जे मागतील ते ताई रांधू लागली. नातेवाईक विश्वनाथाच्या दर्शनाच्या निमित्ताने येऊन भावोजींना वाकून नमस्कार करून जाऊ लागले. इतकी गलथान लपवालपवी मी आयुष्यात पाहिली नाही. आणि सगळ्यात मोठी चूक ताईने केली. ती भांडायची थांबली.

एका दुपारी मी खाली गेले तर कार्टून चालू होतं आणि भावोजींनी आवाज पार बंद केला होता. पडद्यावर खटकूराम मुक्यानेच नाचत होता.

"शरदिनीबाई, खटका झालाय," ते म्हणाले.

"आता कुणावर?"

"थट्टा नको. मी आत गेलो की फोनवरचं बोलणं बंद होतं. ही मोरीत नळ सोडून रडते, मला काय ऐकू येत नाही होय? आणि परवा मी म्हटलं, चहात साखर कमी आहे. तर म्हणते, आणते हं." ते खुर्चीच्या टोकावर आले. "आणते हं! चाळीस वर्षांत ही बाई मला असं कधी बोलली नाही. हिला काहीतरी झालंय. फार मोठं झालंय, आणि तुम्ही सगळे मिळून माझ्यापासून छपवताय."

एवढं सगळं बरोबर हेरून माणूस शेवटच्या पायरीवर असा चुकावा!

"तुम्ही माझ्याशी खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "सांगा."

खोटं बोलवेना आणि खरं सांगायचा हक्क माझा नव्हता. मी मान खाली घातली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ताईचा आवाज आला.

"तिला कशाला पिडता? मी सांगते. मला झालंय. पोटात गाठ आहे. तुम्हाला कळलं की तुम्ही हाय खाल, म्हणून सांगितलं नव्हतं."

तिच्या हातात पळी होती आणि पळीतून कढी जमिनीवर ठिबकत होती. भावोजी उठले. त्यांनी तिच्या हातातून पळी काढून घेतली, तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः फडकं आणून जमीन पुसली. मी त्यांना फडकं हातात घेतलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

नंतर जिन्यात ताईने मला धरलं. "शरू, मी काय करून बसले गं? ते अगदी दारापर्यंत येऊन पोचले होते. मला दुसरं काही सुचलंच नाही."

मी तिला रागावणार होते, पण ती इतकी कापत होती की मी तिचा हात धरून पायरीवर बसले.

तेव्हापासून ताई आजारी झाली. श्रीनिवासने फोनवर डोक्याला हात लावला असेल, पण मग त्यालाही ते सोयीचं वाटलं. हॉस्पिटलात दोघं जोडीने जात. तपासत भावोजींना आणि सांगत की पेशंटबरोबर राहणाऱ्यालाही तपासावं लागतं. डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग श्रीनिवासच्या फोनवरच्या विनवण्यांपुढे मान डोलावली. भावोजींच्या गोळ्या 'शुश्रूषा करणाऱ्याला ताकद हवी' म्हणून आल्या. ताईला कसल्याशा जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या आणि त्या ती भावोजींच्या देखत, घड्याळ लावून घेऊ लागली.

आणि भावोजी? ते दूध हुंगायचे थांबले. गॅसची नळी बघायचे थांबले. त्यांचा सगळा संशय एकाच जागी जाऊन बसला आणि बाकीचं जग त्यांनी माफ करून टाकलं. सकाळी उठून ते ताईसाठी चहा करत. मऊ भात करायला शिकले. पहिल्यांदा लगदा झाला, दुसऱ्यांदा करपला, तिसऱ्यांदा बरा झाला तर वाटी घेऊन मला दाखवायला वर आले, धापा टाकत. संध्याकाळी ताईच्या पायांना तेल लावत. ती लाजेने पाय ओढून घेई आणि ते म्हणत, "चुप बस. तबियत बरी नसताना नखरे करू नयेत." एकदा मी अचानक खोलीत गेले तर ताई डोळे मिटून पडली होती, तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं, आणि भावोजी तिच्या तळपायाला तेल चोळत तिला पार्सल ऑफिसातल्या जुन्या गमती सांगत होते. मी तशीच मागे फिरले.

ताई एकदा मला म्हणाली, "शरू, असं वागणं मला कधी मिळालं नव्हतं. आणि जे मिळतंय ते पण चोरीचं आहे." मग पदर तोंडात कोंबून रडली.

कोजागरीला भावोजींनी जाहीर केलं की ते महिनाभर कार्तिकस्नान करणार. पहाटे उजाडायच्या आत पंचगंगा घाटावर जाऊन गंगेत बुडी मारायची, पार त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. घाटावर बांबूच्या टोकाला टोपलीत आकाशदिवा टांगतात, तोही त्यांनी ठरवून टाकला. तो दिवा खरं तर पितरांसाठी असतो. भावोजींनी पितरांना मध्यस्थ घालून ताईचं आयुष्य मागितलं होतं.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या म्हणजे उभी भिंत. पुराचा गाळ अजून खालच्या पायऱ्यांवरून निघाला नव्हता. आणि भावोजींच्या अंगावर तोवर हाडांखेरीज काही उरलं नव्हतं. तिने विनवलं, रडली, म्हणाली मला असलं व्रत नको. ते म्हणाले, "तुझ्यासाठी करतोय, तुला विचारून नाही करत." आजारी बाईला पहाटे घाटावर कोण नेणार? म्हणून तिला घरी ठेवून त्यांच्यामागून मी जाऊ लागले. त्यांचे कोरडे कपडे आणि शाल मांडीवर घेऊन मी वरच्या पायरीवर बसे. अंधारात आकाशदिवे डुलत असत. खाली दिनानाथ मल्लाह आपली नाव बांधून त्यांचा दंड धरून उभा राही. ते बुडी मारत आणि प्रत्येक बुडीनंतर ताईचं नाव घेत. मोठ्याने घेत, कारण देवाला कमी ऐकू येतं असाही त्यांना संशय होता.

दिवाळीनंतर चारच दिवसांनी ते पायरीवर कोसळले. दिनानाथने त्यांना पाठीवर घेतलं आणि त्या सगळ्या पायऱ्या चढून, गल्ल्यांतून घरापर्यंत आणलं. दारात मला म्हणाला, "बहनजी, कल से बाबूजी को मत आने दीजिए. देह में कुछ बचा नहीं है." डॉक्टरही तेच म्हणाले. अशी आणखी आठ-दहा स्नानं झाली तर जे महिन्याने व्हायचं ते आठवड्यात होईल.

त्या दुपारी ताईने अखेर खरं बोलायचं ठरवलं. मीच तिला म्हटलं होतं की आता दुसरा रस्ता नाही. भावोजी रजई पांघरून खुर्चीत बसले होते. चार वाजले होते, कार्टून चालू होतं. ताईने टीव्ही बंद केला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"अहो, ऐका. मला काही झालेलं नाही. मी खोटं बोलले होते. तुम्हाला झालंय. कॅन्सर तुम्हाला आहे. माझ्यासाठी हे स्नान करू नका, मी ठणठणीत आहे."

भावोजी तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील, रडतील, निदान घाबरतील. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. सगळं समजल्यासारखं, मायेचं हसू.

"ही कोल्हिणीची चाल आहे," ते म्हणाले. "तू आजारी आहेस, रजई घेऊन झोप. वा! मी झोपलो की कोठार साफ."

"अहो, देवाशपथ सांगते!"

"व्रत मोडावं म्हणून बोलतेस. मला त्रास नको म्हणून. कळतं मला."

ताईने रिपोर्ट आणून त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यावर त्यांचं नाव होतं. त्यांनी कागद उलटसुलट केले, नखाने नाव खरवडून पाहिलं. "लेबल बदलून पार्सल पाठवणारे मी जन्मभर पाहिले. श्रीनिवासला कॉम्प्युटर येतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो विश्वासाचा चेहरा मी विसरणार नाही. "शरदिनीबाई, तुम्ही सांगा. तुम्ही माझ्याशी खोटं बोलत नाही. कोण आजारी आहे?"

मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "ताई खरं सांगतेय, भावोजी. तुम्हीच आजारी आहात."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"तुम्ही पण," ते म्हणाले.

जन्मभर मी त्यांच्याशी खरं बोलले आणि ते त्यांनी मानलं. सगळ्यांत मोठं खरं सांगितलं तेव्हा मात्र मी त्यांच्या लेखी झुरमुटनगरातली झाले. त्यानंतर चारला मी खाली गेले तरी ते माझ्याशी कामापुरतंच बोलत.

काही लोक आता मला समजावतात की त्यांना सगळं कळलं होतं, ताईचं मन राखायला ते नाटक करत होते. असं मानलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. मी त्यांना स्पष्ट सांगते, नाही. त्यांना कळलं नव्हतं. नाटक करणारा माणूस 'तुम्ही पण' असं म्हणत नाही. आम्ही सगळे त्यांना इतकी वर्षं हसलो होतो, आणि मग एकदम इतकं गोड वागू लागलो, की खऱ्याला त्यांच्याकडे यायला वाटच राहिली नव्हती.

श्रीनिवास फोनवर म्हणाला, बाहेरून कडी घाला. ताईने ऐकलं नाही. "शेवटचे दिवस कोंडून ठेवू त्यांना?" तिने दिनानाथला बोलावून हात जोडले. मग रोज पहाटे दिनानाथ येई, त्यांना पाठीवर घेऊन खाली नेई, पायरीवर बसवून कोमट पाण्यात गंगेचं पाणी मिसळलेला लोटा त्यांच्या अंगावर ओती. कोमट पाण्याचा थर्मास मी शालीखाली लपवून नेत असे. भावोजींना त्याचा संशय आला नाही. तेवढं तरी माझ्या नशिबी होतं.

त्रिपुरीला व्रत पुरं झालं. त्या संध्याकाळी सगळे घाट दिव्यांनी भरले, आणि ते खाटेवर पडून होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला, हिची तपासणी करा. ताई खरोखर गेली. डॉक्टरांनी तिचं पोट तपासलं आणि फोनवरून भावोजींना सांगितलं, "पाटनकर साहब, सब साफ है. कुछ नहीं है." इतक्या महिन्यांत त्या हॉस्पिटलातून त्यांना मिळालेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. भावोजींनी फोन माझ्या हातात दिला आणि कूस बदलली. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

श्रीनिवास आला. खाट बाहेरच्या खोलीत आणली होती. भावोजींना आता चमच्याने पाणी पाजावं लागत होतं. एका सकाळी त्यांनी खुणेने चहा मागितला. ताईने कपातून एक चमचा त्यांच्या ओठांत सोडला. त्यांनी तो कसाबसा गिळला, डोळे उघडले आणि तिच्याकडे रोखून बघत म्हणाले,

"साखर कमी आहे."

"आण..." ताई म्हणाली आणि थबकली. चमचा तिच्या हातात तसाच राहिला. ते बघतच होते. अंगात बोट हलवायची ताकद नव्हती, पण डोळ्यांत तीच जुनी पेटी वाजवून बघणारी नजर होती. ताईला कळलं. मलाही कळलं.

"कमी?" ताई कडाडली. "कमी? तीन चमचे घातलीय! जिभेला चव आहे का तुमच्या? तुमच्या आईपासून सगळ्या घराण्याची हीच तऱ्हा! जन्मभर उभं राहून राहून चहा केला मी, एक दिवस, एक दिवस कधी चांगला झालाय म्हणाला नाहीत! आता मला नाही जमायचं. उठा आणि करून घ्या स्वतः! उठा ना! उठा म्हणते ना!"

तिने साखरेचा डबा जमिनीवर आपटला. डोळ्यांतून धारा चालल्या होत्या आणि आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा. समोरच्या खिडकीत मिश्राइन येऊन उभ्या राहिल्या. श्रीनिवास "आई, आई" करत पुढे झाला, तर मी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. ताई पंख्यावरून भांडली, खिडकीवरून भांडली, प्रसादाच्या पेढ्यावरून भांडली. चार महिन्यांचं सगळं भांडण तिने तिथे उभं राहून संपवलं.

भावोजींचा चेहरा सैल पडला. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"बरी झाली," ते पुटपुटले. मग त्यांनी मला डोळ्यांनी जवळ बोलावलं. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे आपणहून बघत होते. मी कान ओठांशी नेला.

"वेळेवर शक आला म्हणून वाचली ती. तुम्ही सगळे लपवत होतात." थोडा वेळ नुसता श्वास चालला होता. "शरदिनीबाई, शेवटी कोण खरं निघालं?"

आमच्यात खोटं बोलायचं नाही असं ठरलेलं होतं.

"तुम्ही, भावोजी," मी म्हटलं. "तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

तेराव्यानंतरही बायका येत राहिल्या. सगळ्या गल्लीला ताईचं दुखणं ठाऊक होतं. त्या ताईचे हात हातात घेत आणि म्हणत, चाचाजींनी आपलं आयुष्य तुम्हाला दिलं, केवढं पुण्य, काय तुमचं भाग्य. ताई मान हलवून ऐकून घेई. धडधाकट, निरोगी, वैधव्याच्या पहिल्या महिन्यात वजन वाढलेली माझी बहीण. मला त्या बायकांना हाकलून द्यावंसं वाटे.

श्रीनिवास पुण्याला परत गेला त्या दुपारी चारला मी सवयीने खाली उतरले आणि सवयीनेच टीव्ही लावला. तोच कोल्हिणीचा भाग होता. ताई दोन कप चहा घेऊन आली आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तिथे बसली. खटकूरामला रजईत गुंडाळत होते.

"मग?" तिने विचारलं. "पुढे काय होतं?"

"शेवटी तोच खरा निघतो."

"त्याला कुणी सांगतं का तसं?"

"सांगतात. दुसऱ्या दिवशी विसरतात."

ताईने चहाचा घोट घेतला. मग भावोजींच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, अगदी त्यांच्या सुरात म्हणाली, "साखर कमी आहे."

ती वाट बघत राहिली. मी काही बोलले नाही. ते भांडण माझं नव्हतं.